उपस्थिती भत्ता म्हणजे काय?

पहिली ते चौथीच्या मुलींनी रोज शाळेत यावं, मध्येच शाळा सोडू नये, म्हणून महाराष्ट्रात 1992 मध्ये उपस्थिती भत्ता सुरू झाला. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांतल्या मुलींना हजेरीच्या दिवसामागे 1 रुपया. अट 75 टक्के हजेरीची. वर्षाला जास्तीत जास्त 220 रुपये.

तीस वर्षं उलटली तरी रुपया रुपयाच राहिला. (तेव्हा त्यात निदान पेन्सिल तरी यायची!) धाकट्या भावंडाला सांभाळायला मुलगी घरी थांबली, तर आईची मजुरी बुडत नाही. त्या मजुरीपुढे हा रुपया कसा टिकणार? भत्ता वाढायला हवाच. पण अंगणवाडी शाळेच्या वेळेला उघडली, तर भावंडाला तिथे सोडून मुलगी वेळेत वर्गात पोहोचते.