मानाची पाटी आणि क्रमांकाची पाटी

पेशवाईत पालखीचा मान सरकारातून मिळावयाचा. पालखी काय, अब्दागीर काय, ही नुसती सोयीची साधने नव्हती. ज्याला सरकारने तो मान दिला, त्यानेच ती मिरवावयाची. वाहनावरून माणसाची पायरी ओळखण्याची रीत आपल्याकडे अशी जुनी आहे. मोटार आली तेव्हा तीही या रीतीतून सुटली नाही. परंतु मोटारीच्या क्रमांकाची पाटी जन्मास आली ती अगदी उलट हेतूने.

१८९३ साली पॅरिसच्या पोलिसांनी मोटारीवर मालकाचे नाव व पत्ता लावण्याची सक्ती केली. इंग्लंडात १९०३ च्या कायद्याने नोंदणीक्रमांक आवश्यक ठरला आणि १ जानेवारी १९०४ पासून तो अंमलात आला. भरधाव वाहनाने कोणास इजा केली तर त्याचा धनी शोधून काढता यावा, हे या पाटीचे प्रयोजन. ती मानाची नव्हे, जबाबदारीची खूण होय. तिला अपवाद राहिला तो राजाचा. इंग्लंडच्या राजाच्या समारंभाच्या मोटारीस आजही क्रमांक नसतो.

२६ जानेवारी १९५० रोजी आपण प्रजासत्ताक झालो आणि सारनाथचे सिंह आपली राजमुद्रा झाले. राजा गेला, पण त्याचा अपवाद मागे उरला. राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या मोटारींवर क्रमांकाच्या जागी राजमुद्राच झळकत राहिली. ही मुद्रा कोणी कोठे वापरावी याचे नियमन २००५ चा कायदा व २००७ चे नियम करतात. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती व राज्यपाल यांच्या मोटारींवर ती लावण्याची मुभा त्यांत आहे. अनधिकृत वापरास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मुद्रा लावण्याची मुभा म्हणजे क्रमांक काढून टाकण्याची मुभा नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ४१ वे कलम नोंदणीक्रमांक वाहनावर दाखविण्यास सांगते. हा भेद अखेर न्यायालयापुढे आला. अशा मोटारीने कोणास धडक दिली, तर जखमी माणसाने तिची ओळख कशी पटवावी, हा प्रश्न होता. जुलै २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिला की, राष्ट्रपतींच्या मोटारीसह सर्व मोटारींवर क्रमांक असलाच पाहिजे. त्याच्या आदल्याच वर्षी, १ मे २०१७ पासून, मान्यवरांच्या मोटारींवरील लाल दिवाही मावळला होता.

आता आपल्यासारख्या, बदलीच्या नोकरीत मुलूखभर फिरणाऱ्यांच्या पाटीविषयी. मोटार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली, की तिची तेथे नव्याने नोंदणी करावी, असे कायद्याचे ४७ वे कलम सांगते. म्हणजे जुन्या राज्याचा ना-हरकत दाखला आणा, नव्या राज्यात कर भरा, आणि जुना कर परत मिळावा म्हणून अर्ज करीत बसा. हे हेलपाटे वाचविण्यासाठी १५ सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’, म्हणजे ‘भारत’, ही मालिका सुरू झाली. तिच्यात आरंभी नोंदणीच्या वर्षाचे दोन अंक येतात. राज्याचे नाव येत नाही. कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांच्या हिशेबाने भरावयाचा.

या मालिकेत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ती केंद्र व राज्य सरकारचे नोकर आणि सैनिक यांना मिळते, तशीच चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपनीच्या नोकरालाही मिळते. सचिव आणि कारकून यांच्या पाट्यांत काही फरक नाही. सवलत मिळाली ती बदलीच्या अडचणीला, हुद्द्याला नव्हे.

पालखी पाहून लोक वाट सोडीत. क्रमांक पाहून लोकांना जाब विचारता येतो. सरकारी चाकरीत असलेल्याने आपल्या मोटारीकडे पाहताना या दोन पाट्यांतले अंतर विसरू नये.