चौघांचं संगीत आणि पाचवा माणूस



गोखिवऱ्यात बसून युरोपातल्या चेंबर संगीताविषयी बोलायचं, हे ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, रस्त्याकडेला कारखान्यांचे गाळे, हमरस्त्यावर ट्रकांची रांग. इथे हायडन आणि बेथोव्हन कशाला? पण इथून पश्चिमेला काही मैलांवर जो किल्ला उभा आहे, तिथे दोनशे पाच वर्षं, म्हणजे १५३४ पासून १७३९ पर्यंत, युरोपचं चर्चसंगीत गायलं-वाजवलं जात होतं.  चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथल्या चर्चच्या घंटा देशावर गेल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही टांगलेल्या आहेत. म्हणजे युरोपचा नाद आपल्याला परका नाही, बरं का. आपण तो देवळात बांधून ठेवला आहे.

आज आमचा विषय जरा अरुंद आहे. अमेरिकेत आणि युरोपात दर उन्हाळ्यात शेकडो ठिकाणी एक प्रकार चालतो. डॉक्टर, इंजिनिअर, निवृत्त शिक्षक, कॉलेजातली मुलं अशी हौशी मंडळी आपापली वाद्यं घेऊन आठवडाभर एखाद्या शांत गावी जमतात. तीन-तीन, चार-चारचे गट पडतात आणि प्रत्येक गटाला एक व्यावसायिक वादक शिकवतो. हा शिक्षक एरवी मोठ्या ऑर्केस्ट्रात किंवा नावाजलेल्या चौकडीत वाजवणारा असतो. आमचे प्रश्न दोन. ही पद्धत आली कुठून? आणि व्हायोलिन हातात धरणारी इतकी माणसं वसई, मुंबई आणि गोवा या पट्ट्यात असूनही ती इथे का रुजली नाही?

आधी शब्द समजून घेऊ. चेंबर म्हणजे खोली, दिवाणखाना. आपल्याकडे जशी बैठक, तसं ते खोलीतलं संगीत. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनच्या एका ओळीवर पंधरा-वीस जण असतात. एखादा चुकला तरी झाकलं जातं. चेंबर संगीतात एका ओळीला एकच माणूस. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो, अशी चौकडी. समोर काठी हलवणारा कुणी नाही. कुणी थांबायचं, कुणी पुढे यायचं, श्वास कुठे घ्यायचा, हे चौघांनीच एकमेकांकडे पाहून ठरवायचं. गटेने १८२९ मध्ये एका पत्रात या प्रकाराची तुलना चार समंजस माणसांच्या संभाषणाशी केली होती. तत्त्वज्ञानाच्या माणसाला ही उपमा फार जवळची वाटते, कारण आमचा सगळा व्यवसायच मुळी संवादातून सुरू झाला.

या संगीताचा जन्म पाहा. १७५० च्या दशकात ऑस्ट्रियात फ्युर्नबर्ग नावाच्या एका जहागीरदाराच्या वाड्यावर चौघे वाजवायला बसत. एक गावचा धर्मगुरू, एक जहागिरीचा कारभारी, एक अल्ब्रेख्ट्सबर्गर नावाचा वादक आणि चौथा तरुण हायडन. या चौघांना वाजवता यावं म्हणून हायडनने पहिल्या चौकड्या लिहिल्या. पुढे त्याने अशा साठांहून अधिक रचना केल्या. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की कारभारी आणि हायडन एका पंगतीत बसले होते. हौशी आणि व्यावसायिक हा भेद तेव्हा त्या खोलीत नव्हता.

मग तो आला कधी? व्हिएन्नात शुपान्झिग नावाचा व्हायोलिनवादक होता. त्याने १८०४-०५ च्या हंगामात तिकीट लावून चौकडीच्या मैफली सुरू केल्या. बेथोव्हन त्याच्यासारख्या वादकांसाठी लिहू लागला. १८०६ मध्ये रझुमोव्हस्की या रशियन राजदूतासाठी त्याने तीन चौकड्या लिहिल्या, आणि तिथे कारभाऱ्याची बोटं थांबली. रचना इतकी अवघड झाली की दिवसभर हिशेब लिहून संध्याकाळी वाद्य काढणाऱ्याला ती झेपेना. खोलीतलं संगीत सभागृहात गेलं. हौशी माणूस वाजवणारा होता, तो ऐकणारा झाला. आमच्या मते युरोपच्या संगीतातली ही मोठी फारकत आहे, आणि उन्हाळी कार्यशाळा म्हणजे ती भरून काढण्याचा प्रयत्न.

आता उन्हाळाच का? याचं उत्तर सौंदर्यशास्त्रात नाही, पगारात आहे. अमेरिकेतल्या बहुतेक ऑर्केस्ट्रांचा करार १९६० च्या दशकापर्यंत बारा महिन्यांचा नसे. मैफलींचा हंगाम वसंतात संपे आणि वादक शरदापर्यंत मोकळे असत. हातात वेळ, खिशात कमी पैसे, शहरात उकाडा. बोस्टन सिम्फनीचे एक अग्रणी व्हायोलिनवादक फ्रांझ क्नायझेल यांनी १८८५ मध्ये स्वतःची चौकडी काढली होती. मेन राज्यातल्या ब्ल्यू हिल या किनाऱ्यावरच्या गावी ते उन्हाळ्यात शिष्यांना घेऊन जात. तिथली शाळा आपला आरंभ १९०२ चा मानते. १९४४ मध्ये इव्हान गॅलॅमियन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगराळ भागात मेडोमाउंट ही उन्हाळी शाळा काढली. १९५१ मध्ये व्हरमाँटमध्ये मार्लबोरो सुरू झालं. तिथे रुडॉल्फ सेरकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच रीत घातली: ज्येष्ठ कलावंताने तरुणांना बाहेर बसून शिकवायचं नाही, त्यांच्याच गटात खुर्ची घेऊन वाजवायचं.

हौशी लोकांनीही आपली सोय केली. १९४७ मध्ये इंडियानापोलिसच्या लेनर्ड स्ट्रॉस या उद्योजकाने हौशी वादकांची संघटना उभी केली आणि नावपत्त्यांची यादी छापली. परगावी गेलात तर यादी उघडा, फोन करा आणि चौथा भिडू मिळवा. आपली पातळी प्रत्येकाने स्वतःच लिहायची, ही त्यातली मजा. ज्याला स्वतःला नीट जोखता येतं त्यालाच दुसऱ्याबरोबर वाजवता येतं, हे त्या यादीत न सांगता सांगितलेलं आहे.

बरं, हा व्यावसायिक शिक्षक खोलीत नेमकं करतो काय? तो आधी काहीच बोलत नाही. चौघांना पूर्ण वाजवू देतो. मग विचारतो, इथे मुख्य सूर कुणाकडे आहे? बहुधा तिघे पहिल्या व्हायोलिनकडे पाहतात आणि उत्तर असतं, व्हायोलाकडे. मग तो पहिल्या व्हायोलिनला गप्प बसवतो आणि उरलेल्या तिघांना वाजवायला लावतो, म्हणजे आतापर्यंत झाकलेलं ऐकू येतं. स्वर जुळत नसतील तर चेलोपासून सुरुवात करून खालून वर एकेक स्वर रचतो, भिंत बांधावी तसा. कधी चौघांना पाठमोरं बसवतो, म्हणजे डोळ्यांचा आधार जातो आणि कानांना काम लागतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, आठवड्याच्या शेवटी तो निघून जातो. सॉक्रेटिस स्वतःला सुईण म्हणवून घेई; मूल दुसऱ्याचं, आपण फक्त बाळंतपण करायचं. चौघांच्या खोलीतला हा पाचवा माणूस तसाच. आपली गरज संपवणं हेच त्याचं काम.

आपल्या परंपरेत गुरू असा निघून जात नाही. तो शिष्याच्या गळ्यात राहतो, घराण्याच्या नावात राहतो. ही उणीव आहे असं आम्ही म्हणत नाही. एकट्याच्या गायकीला तेच हवं. पण चौघांत बसून समान हक्काने बोलण्याची विद्या वेगळी, आणि तिचा शिक्षकही वेगळा.

आता आपल्याकडे वळू. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चशाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवलं जाई. शिकवणारा तो मेस्त. त्या शाळांतून निघालेल्या पिढ्या मुंबईला आल्या आणि बँड, हॉटेल, मूकपटांची थिएटरं, पुढे बोलपट, असा सगळा बाजार त्यांनी उचलून धरला. दुसरीकडे पारशी समाजात मेहली मेहता होते. जन्म १९०८. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून या माणसाने आपलं वादन घडवलं. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला, १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. १९४५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, संसार मुंबईत ठेवून ते न्यूयॉर्कला गेले ते याच गॅलॅमियन यांच्याकडे शिकायला. पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवून ते फिलाडेल्फियाला पोचले आणि १९५९ पासून पाच वर्षं कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये वाजवत राहिले. कोणतं वाद्य? दुसरं व्हायोलिन. ज्याने मुंबईत ऑर्केस्ट्रा काढला तो माणूस पन्नाशीनंतर दुसऱ्या खुर्चीवर बसला. १९६४ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसला अमेरिकन यूथ सिम्फनी स्थापन केली आणि पुढची तेहतीस वर्षं तरुण वादक घडवले. झुबिन मेहतांचं नाव सर्वांना माहीत असतं. वडिलांची ही दुसरी खुर्ची मात्र आम्हाला जास्त शिकवून जाते.

तिसरं नाव अँथनी गोन्साल्विस यांचं. जन्म १९२७, गाव गोव्यातलं माजोर्डा. चित्रपटांत व्हायोलिन वाजवणारे आणि संगीतसंयोजन करणारे. छोट्या प्यारेलालला व्हायोलिन यांनी शिकवलं. त्या ऋणाची आठवण म्हणून 'अमर अकबर अँथनी' मधल्या नायकाला त्यांचं नाव मिळालं. १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा करून भारतीय रागांवरच्या रचना सादर केल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. १९६५ मध्ये ते अमेरिकेला निघून गेले.

म्हणजे माणसं होती, विद्या होती. मग शिबिरं का नाहीत? आमचं उत्तर पुन्हा पगाराचंच आहे. अमेरिकन वादकाचा उन्हाळा रिकामा, आपल्या वादकाचा उन्हाळा भरलेला. एप्रिल-मे म्हणजे आपली लगीनसराई. वसईच्या ख्रिस्ती गावांतही उपवासकाळात लग्नं होत नाहीत, ती ईस्टर झाल्यावर लागतात. ज्या दोन महिन्यांत पोरांना शाळेची सुट्टी, त्याच दोन महिन्यांत वाजवणाऱ्याची वर्षाची कमाई. पावसाळ्यात वादक मोकळा होतो तेव्हा पोरं वर्गात. दोन्ही सुट्ट्यांची गाठच पडत नाही. अमेरिकेतून पद्धत उचलून आणली आणि महिना बदलला नाही, तर ती इथे लागायची कशी?

दुसरं कारण परीक्षा. पाश्चात्त्य संगीत शिकणारी आपली मुलं लंडनहून येणाऱ्या ग्रेडच्या परीक्षा देतात. परीक्षा चांगल्या आहेत, शिस्त लावतात. पण मूल बहुतेक एकट्याने तयारी करतं आणि फार तर पियानोच्या साथीने वाजवून येतं. आठ ग्रेड झाल्या तरी दुसऱ्याचं ऐकून आपला आवाज कमी करण्याची वेळ त्याच्यावर येईलच असं नाही. आणि पालक व्हायोलिन घेऊन देतात, कीबोर्ड घेऊन देतात. व्हायोला आणि चेलो कोण घेणार? ज्याच्याकडे कायम मुख्य सूर नसतो ते वाद्य आपल्या मुलाने का वाजवावं, हा प्रश्न पालकांच्या मनात असतो. आम्हाला तो संगीताचा प्रश्न वाटत नाही, समाजाचा वाटतो. दुसरं व्हायोलिन व्हायला तयार असलेला माणूस आपण घडवतो का? गृहनिर्माण संस्थेची सभा आठवून उत्तर द्या.

तिसरं कारण दुःखाचं आहे. चित्रपटाच्या स्टुडिओत पन्नास-साठ वादक एकत्र बसत, समोर ठेवलेला कागद पहिल्यांदाच पाहत आणि वाजवून मोकळे होत. एक जण चुकला तर सगळ्यांना पुन्हा वाजवावं लागे. इतकी तयार जमात जगात थोड्या ठिकाणी होती. आधी मल्टिट्रॅक आलं, मग सिंथेसायझर आणि संगणक. १९९० च्या दशकात तंतुवाद्यांचे ताफे ओसरले. ती पिढी आता आमच्या वयाची आहे, काही आमच्याहून मोठे. त्यांच्या कानातली विद्या पुस्तकात नाही. ती शेजारी बसूनच घ्यावी लागते, आणि शेजारी बसायला फार वर्षं उरलेली नाहीत.

आशेला जागा आहे. गोव्यात डॉ. लुईस डायस यांनी २००९ मध्ये चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन सुरू करून गरीब वस्तीतल्या मुलांच्या हाती व्हायोलिन आणि चेलो दिले. सोवेटोच्या मुलांचं वादन लंडनला ऐकून त्यांना ही प्रेरणा झाली. मुंबईत २००६ पासून एन.सी.पी.ए.चा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यातले वादक शिकवतातही. आणि मेहली मेहता म्युझिक फाउंडेशनने चेंबर संगीताचा महोत्सव काढला, त्याचं नाव ठेवलं 'संगत'. किती योग्य शब्द! आपल्या भाषेत संगत म्हणजे साथ, आणि संगत म्हणजे सोबतही.

तेव्हा सुचवायचं ते एवढंच. वसई-विरारमध्ये हे करायचं तर मे महिना सोडा. जुलै-ऑगस्टचे रविवार घ्या. चर्चचं सभागृह असो, शाळेचा वर्ग असो, नाहीतर इथला एखादा रिकामा गाळा असो, चार खुर्च्या मांडा. व्हायोला नसेल तर तीन व्हायोलिनं आणि एक चेलो, चेलोही नसेल तर कीबोर्डवर खालची ओळ; सोप्या रचना तशा मांडून घेता येतात. पाचव्या खुर्चीवर स्टुडिओत आयुष्य काढलेला एखादा जुना वादक बोलवा आणि त्याला मानधन द्या. हार-नारळावर भागवू नका. अमेरिकेतही ही पद्धत वादकाच्या रिकाम्या महिन्यांना काम मिळालं म्हणून टिकली.

आणि पालकांना एक विनंती. मुलगा घरी येऊन म्हणाला, 'आज मला दुसरं व्हायोलिन दिलं', तर 'पहिलं का नाही दिलं?' असं विचारू नका. 'पहिलं काय वाजवत होतं?' असं विचारा. त्याला सांगता आलं, तर तो शिकला असं समजा.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ या.