ह्यूमसाहेबांची पाखरे

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येऊन जाते. १८८५ साली मुंबईत काँग्रेस भरली, तिच्या स्थापनेत ह्यूम या निवृत्त इंग्रज अधिकाऱ्याचा पुढाकार होता, एवढे लिहिले की दोन गुण मिळतात आणि ह्यूम संपतात. त्यांनी काँग्रेस का काढली यावर मात्र अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. कोणी त्यांना हिंदुस्थानचा सच्चा हितचिंतक म्हणतो, तर कोणी असंतोषाची वाफ बाहेर सोडण्यासाठी झडप बसवणारा धूर्त साम्राज्यवादी. या वादात एक साधा प्रश्न बाजूला पडतो. त्याआधीची पंधरा-वीस वर्षे हा माणूस नोकरी सांभाळून काय करीत होता? तो पाखरे गोळा करीत होता. आणि माझे असे मत आहे की, देशभर विखुरलेल्या माणसांना एका धाग्यात बांधण्याची जी रीत काँग्रेसच्या कामी आली, तिचा सराव ह्यूम यांनी या पाखरांवर केला होता.

ह्यूम यांचा जन्म १८२९ चा. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटातले नावाजलेले सुधारणावादी सभासद, आणि तरुणपणी कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात राहून गेलेले डॉक्टर. मुलगा १८४९ साली बंगाल सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाला आणि यमुनेकाठच्या इटावा जिल्ह्यात आला. तिथे त्याने शाळांचे वेड घेतले. १८५७ च्या सुरुवातीस या एका जिल्ह्यात १८१ शाळा आणि ५,१८६ विद्यार्थी होते. त्यांत मुली फक्त दोन, पण त्याही नोंदल्या आहेत. आकडा लहान असला तरी टाकून द्यायचा नाही, ही ह्यूम यांची सवय इथपासूनच दिसते. दारूपासून मिळणाऱ्या सरकारी उत्पन्नाला ते उघडपणे पापाची कमाई म्हणत. असा अधिकारी वरिष्ठांना किती आवडत असेल, हे सांगायला नको.

मग सत्तावन्न आले. ह्यूम यांना इटावा सोडून आग्ऱ्याच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. पुढे स्थानिक लोकांची फौज उभारून ते परतले. आजूबाजूच्या जिल्ह्यांत झाडाझाडाला माणसे लटकवली जात असताना त्यांच्या हुकुमाने सात जणांना फाशी झाली. सात हा आकडाही सातच आहे, तो शून्य नाही. ह्यूम यांना संत ठरवण्याची घाई म्हणून करू नये. पण बंडाचा दोष त्यांनी इंग्रजांच्याच कारभाराला दिला, हेही खरे. त्याच प्रांतात, बिजनौरला, कंपनीच्या नोकरीत असलेल्या सर सय्यद अहमद खान यांनी तेव्हा ‘असबाब-ए-बगावत-ए-हिंद’ लिहून हेच सांगितले होते, की कायदे करणाऱ्यांच्या सभेत या देशातल्या माणसाला जागा नाही आणि त्याचे म्हणणे सरकारपर्यंत पोहोचायला वाट नाही. एकाच वणव्यातून बाहेर पडलेली ही दोन माणसे तीस वर्षांनी काँग्रेसच्या प्रश्नावर एकमेकांच्या विरुद्ध उभी राहिली, ते पुढे येईलच.

१८६७ साली ह्यूम यांच्याकडे जकातीचे काम आले. आज कोणाला खरे वाटणार नाही, पण तेव्हा हिंदुस्थानच्या मधोमध मिठाची चोरटी वाहतूक रोखणारी एक जकात-रेषा होती. सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल! तिच्यावर सुमारे बारा हजार माणसे पहाऱ्याला होती, आणि तिच्या मोठ्या भागावर, खाली थेट बुऱ्हाणपूरपर्यंत, काटेरी कुंपण होते. आधी ते वाळलेल्या काट्याकुट्यांचे होते. वाळवी लागे, आग लागे, वादळात उडून जाई. ह्यूम यांनी जिवंत कुंपण वाढवण्याचा पाठपुरावा केला. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर, ज्या मातीत जे तगेल ते लावायचे. गरिबाच्या भाकरीवरच्या चिमूटभर मिठावर कर बसवण्यासाठी इतके वनस्पतिज्ञान खर्ची पडावे, हा साम्राज्याचा विनोद म्हणायचा! राजपुतान्यातल्या सांभर सरोवराच्या मिठाबाबत संस्थानिकांशी जो करार झाला, त्यातही ह्यूम यांचा हात होता. उगमावरच ताबा आल्यावर कुंपणाची गरज उरली नाही आणि १८७९ साली ते मोडले. मिठावरचा कर राहिलाच. त्यासाठी १९३० साली गांधीजींना दांडीला जावे लागले, आणि त्यांच्या अटकेनंतर धारासण्याच्या सत्याग्रहाची धुरा सत्तरी ओलांडलेल्या अब्बास तय्यबजींनी घेतली.

जकातीच्या कामानिमित्त ह्यूम यांना मुलूख पालथा घालावा लागे. घोड्यावर, तंबूत, नदीकाठाने. त्या फिरतीत पाखरे हेरायची, टिपायची, कातडी सोलून आत कापूस भरायचा, स्थळ व तारीख लिहून चिठ्ठी बांधायची, हा क्रम चालू झाला. पुढे ते शेतकी-महसूल खात्याचे सचिव म्हणून वरच्या दरबारात पोहोचले आणि सिमल्याला जाखू टेकडीवरच्या रॉथनी कॅसल या आपल्या घरात त्यांनी पक्ष्यांचे संग्रहालयच थाटले. १८७२ पासून ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे पक्षिशास्त्राचे नियतकालिक ते स्वतःच्या हिमतीवर काढू लागले.

या नियतकालिकाची मांडणी पाहण्यासारखी आहे. ह्यूम एका जागी बसलेले, आणि लिहिणारे देशभर पसरलेले. कोणी लष्करात, कोणी रेल्वेत, कोणी चहाच्या मळ्यावर, कोणी मिशनरी. आपल्या मुलखापुरते बोलायचे तर अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड फेअरबँक यांनी खंडाळा, महाबळेश्वर, नगर या भागांतल्या पक्ष्यांची यादी पाठवली. रत्नागिरीचे मुलकी अधिकारी व्हिडाल यांनी दक्षिण कोकणची यादी केली. डेव्हिडसन आणि वेंडन या जोडीने दख्खनच्या पक्ष्यांवर लिहिले. ह्यूम प्रत्येकाला प्रश्न विचारीत, खोडून काढीत, शाबासकी देत, प्रसंगी खरडपट्टीही काढीत. विरोधक त्यांना पक्षिशास्त्राचे पोप म्हणत, ते काही प्रेमाने नव्हे. पण पोप असले तरी दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबल्याशिवाय हे काम होणार नाही, एवढे त्यांना पक्के कळले होते.

या सगळ्यात एक जागा रिकामी राहते. पाखरू प्रत्यक्ष कोणी पकडले? घरटे कोणत्या झाडावर आहे हे कोणी दाखवले? ओले कातडे सडू न देता रातोरात कोणी सोलले? कातड्याला बांधलेल्या चिठ्ठीवर बहुधा अंमलदाराचे नाव असते. शिकारी, पारधी, फासेपारधी, मीरशिकार यांची नावे तिथपर्यंत पोहोचत नाहीत. हे ज्ञान काही इंग्रजांबरोबर जहाजातून उतरलेले नव्हते. बाज, बहिरी, शाहीन, शिक्रा ही नावे इंग्रज येण्याआधी कित्येक शतके या देशात शिकारखान्यांत घेतली जात होती. शिक्रा तर इंग्रजीनेही आहे तसाच उचलला. जहांगीर बादशहाने पाळलेल्या सारसाच्या जोडीचे अंडी उबवणे दिवस मोजून आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे. सलीम अली यांनी मोगल बादशहांच्या या निसर्गनिरीक्षणावर १९२० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखमालाच लिहिली. त्याच सोसायटीच्या पक्ष्यांना वाळे घालण्याच्या कामात पुढे बिहारचे मीरशिकार आले, आणि त्यांच्यातल्या अली हुसेन यांचे नाव जगभरच्या पक्षिमित्रांना ठाऊक झाले. ह्यूम यांच्या काळात ते घडले नाही.

१८७९ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत ह्यूम यांना सचिवपदावरून खाली उतरवले गेले. स्पष्ट बोलण्याची ही किंमत होती. १८८२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. आता उरलेले आयुष्य पक्ष्यांच्या महाग्रंथाला द्यायचे ठरले होते. साताठशे जातींचे जीवनवृत्त, पंचवीस वर्षांच्या टिपणांवरून लिहिलेले, सिमल्याच्या घरात जमा होते. एका हिवाळ्यात ते खाली मैदानी मुलखात असताना घरच्या नोकराने ते कागद रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकले.

लिहिणाऱ्या माणसाला या वाक्यापुढे क्षणभर थांबावेच लागते. ह्यूम यांनी ते पुन्हा लिहिले नाही. त्यातच अतिवृष्टीने दरड कोसळून संग्रहालयाचेही नुकसान झाले. दरम्यान त्यांचे मनही बदलत होते. थिऑसफीच्या नादाने ते शाकाहारी झाले होते, आणि ज्याने हजारो पाखरे मारवली त्याला आता जीव घेणे नकोसे झाले होते. १८८५ साली त्यांनी सारा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. तिथले बाउडलर शार्प तो न्यायला स्वतः सिमल्याला आले. कीड लागलेले वीस हजार नमुने ह्यूम यांनी आधीच नष्ट केले होते. तरीही सुमारे ८२,००० पक्षी देवदाराच्या पेट्यांत भरून विलायतेला गेले. त्याच वर्षाच्या २८ डिसेंबरला मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ माणसे जमली. पेट्या गेल्या आणि काँग्रेस आली, ती एकाच सालात.

काँग्रेसच्या सुरुवातीच्या वर्षांतला ह्यूम यांचा पत्रव्यवहार पाहिला की ‘स्ट्रे फेदर्स’चा संपादक ओळखू येतो. तीच परिपत्रके, तोच प्रत्येक प्रांतात एकेक भरवशाचा माणूस शोधणे, तीच माहितीची हाव, तोच हुकमी सूर. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की आता दुसऱ्या टोकाला नाव असलेला हिंदी माणूस होता. पहिल्या बैठकीत मुसलमान दोनच, रहिमतुल्ला सयानी आणि अब्दुल्ला धरमसी, दोघेही मुंबईचे. १८८७ साली मद्रासला बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष झाले. त्याच सुमारास लखनौत आणि पुढे मीरतेत सर सय्यद यांनी काँग्रेसविरुद्ध भाषणे केली. बहुमताच्या राज्यात अल्पसंख्याकांचे काय, हा त्यांचा सवाल होता, आणि तो उडवून लावण्याजोगा नव्हता. १८८८ च्या ऑक्टोबरात तय्यबजींनी ह्यूम यांना लिहिले की, मुसलमानांचा मोठा भाग विरोधात असेल तर काँग्रेस निदान पाच वर्षे तहकूब ठेवावी. ह्यूम यांनी ऐकले नाही. डिसेंबरात अलाहाबादला अधिवेशन झाले. एखाद्या प्रांतातून यादी आली नाही म्हणून संपादक अंक थांबवीत नाही, तसेच हे. पक्ष्यांच्या बाबतीत ही रीत बिनघोर चालते. माणसांच्या बाबतीत न आलेल्या यादीला स्वतःचे म्हणणे असते. तय्यबजींचा सल्ला मानला असता तर काय झाले असते हे सांगता येत नाही, पण तो भित्र्या माणसाचा सल्ला नव्हता, एवढे आपल्या इतिहासकारांनी मोकळेपणी म्हणायला हरकत नाही.

१८९४ साली ह्यूम विलायतेला परतले, वनस्पतींच्या अभ्यासात रमले, १९१० मध्ये त्यांनी साउथ लंडन बोटॅनिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली आणि ३१ जुलै १९१२ रोजी ते वारले. पेट्यांतली पाखरे मात्र अजून बोलत आहेत. १८६७ साली सतलजच्या खोऱ्यात रामपूरजवळ त्यांनी एक साधासा, मातकट वटवट्या मारला होता. जगात त्या जातीचा तेवढा एकच नमुना, म्हणून ही वेगळी जात आहे की नाही याचीच शंका घेतली जाई. २००२ साली त्याच्या डीएनएवरून ती वेगळीच ठरली. २००६ साली थायलंडमध्ये जिवंत पक्षी हाती लागला आणि त्यानंतर काही वर्षांत अफगाणिस्तानच्या वाखान भागात त्याची वीण सापडली.

दुसरी गोष्ट खानदेशातली. १८७३ साली ह्यूम यांनी आजच्या छत्तीसगडातून ब्लेविट यांनी मिळवलेल्या एका लहान घुबडाला नाव दिले. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. पुढच्या दशकात खानदेशचे मुलकी अधिकारी झालेल्या डेव्हिडसन यांनी त्याचे आणखी काही नमुने जमवले. १८८४ नंतर तो कोणालाच मिळेना. कर्नल मायनर्ट्झहागेन या बड्या पक्षितज्ज्ञाने १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपण तो मारल्याची नोंद ठेवली होती, म्हणून शोधणारे तिकडे जात आणि हात हलवीत परत येत. अखेरीस उघड झाले की कर्नलसाहेबांनी म्युझियममधला डेव्हिडसन यांचाच नमुना चोरला होता, तो नव्याने भरला होता आणि चिठ्ठी बदलली होती. ती चिठ्ठी खोटी ठरल्यावर पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरचे पत्ते घेऊन निघाले. १९९७ च्या नोव्हेंबरात, आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळच्या रानात, ११३ वर्षांनी, रानपिंगळा दिवसाउजेडी फांदीवर बसलेला दिसला. त्यानंतर तो मेळघाटात दिसला, मुंबईजवळ तानसाच्या जंगलातही दिसला.