पिंजऱ्याचं दार उघडलं, पुढे काय?

आमच्या गटातल्या एकीची नणंद दादरला चाळीत राहते. एका पावसाळ्यात तिच्या गॅलरीत एक पाखरू धपकन पडलं. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर नारिंगी टिकली. कॉकॅटील, मूळचं ऑस्ट्रेलियातलं. पंखाची पिसं कुणीतरी कात्रीने छाटलेली, वर कावळ्यांनी टोचलेलं. शेजारणी म्हणाल्या, "गच्चीवरून सोड गं, पुण्य लागेल."

हसू नका. आम्हीही हेच केलंय. जत्रेतून दोन लव्हबर्ड विकत घेतले, वडाखाली सोडले, टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी एकाची पिसं तेवढी सापडली. आपण ज्यांना लव्हबर्ड म्हणतो ते बहुतेक बजरीगर असतात. तेही ऑस्ट्रेलियातलेच, आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले. इथे दाणा कुठे शोधायचा, शिकरा आला तर कुठे लपायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

जखमी जिवाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न मुंबईला जुनाच. 1832 साली सरकारी माणसं भटकी कुत्री मारत होती, तेव्हा पारशी मंडळी चिडली आणि शहरात दंगल झाली. दोन वर्षांनी, 1834 साली, सर जमशेदजी जीजीभॉय आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. एक पारशी, एक जैन. मारू नका, इथे आणून ठेवा, असा तो विचार.

पण नुसतं ठेवून जखम भरत नाही. 1874 साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि त्याच वर्षी प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्थाही निघाली. पुढच्या दहा वर्षांत दादरच्या शेजारी परळला जनावरांचं इस्पितळ झालं. देणगी गिरणीमालक दिनशा पेटिट यांची, नाव त्यांच्या पत्नी सकरबाईंचं. 1886 साली तिथेच पशुवैद्यक कॉलेज निघालं. बैलघोड्यांच्या काळातल्या त्या इस्पितळात आज पक्ष्यांवरही उपचार होतात.

पाखरांना कायद्याचा आधार मिळायला मात्र फार वेळ लागला. 1972 साली वन्यजीव कायदा आला, 1990-91 च्या सुमारास देशी पक्ष्यांच्या विक्रीवर बंदी आली. म्हणजे दारातल्या पिंजऱ्यातला आपला मिठूसुद्धा गुन्ह्यात मोडतो बरं का! विदेशी पक्षी मात्र या कायद्यातून सुटले, त्यामुळे दुकानांत तेच दिसू लागले. 2022 च्या दुरुस्तीनंतर मकाव, काकाकुवा, आफ्रिकेतला राखी पोपट अशांची सरकारकडे नोंद करावी लागते. कॉकॅटील आणि बजरीगर यांना ती सक्ती नाही. म्हणून ते हरवले काय, टाकून दिले काय, विचारणारं कुणी नसतं.

आमच्या नणंदबाईंनी ते पाखरू सोडलं नाही. खोक्याला भोकं पाडली, तळाशी मऊ फडकं घातलं, अंधारात शांत ठेवलं. चोचीत जबरदस्तीने पाणी ओतलं नाही, कारण ते श्वासनळीत जाऊन पाखरू मरू शकतं. मग डॉक्टर गाठला. (देशी पक्षी जखमी सापडला तर वनखात्याला 1926 या नंबरवर फोन करायचा.)

जखम भरली, पण छाटलेली पिसं लगेच येत नाहीत. जुनी गळून नवी यायला महिने जातात. तोवर तिने आसपासच्या सोसायट्यांत चिठ्ठ्या लावल्या, मालक कुणी आला नाही. हौसेने मागायला मात्र बरेच आले. तिने प्रत्येकीला एकच विचारलं, "दिवसभर घरी कोण असतं?" कॉकॅटील थव्यातला पक्षी, एकटा पडला की स्वतःचीच पिसं उपटतो. शेवटी, जिच्या घरी आधीच एक कॉकॅटील होता, त्या बाईंकडे तो गेला.

परवा नणंदबाई भेटून आल्या. म्हणाल्या, कुकरची शिट्टी झाली की दोघंही उत्तर देतात.