निस्तार पत्रक ते सामूहिक वनहक्क

आंतरराष्ट्रीय विकासाच्या क्षेत्रात ‘राष्ट्रीय मानवी हक्क अधिकारी’ हे पद आता रूढ झाले असून, जागतिक संस्थेच्या वतीने आपल्याच देशात राहून कायद्याने दिलेला हक्क आणि प्रत्यक्षात मिळणारी वागणूक यांतील तफावत नोंदवायची आणि ती कमी व्हावी म्हणून शासन व लोक या दोघांशीही बोलत राहायचे, असे त्या कामाचे ढोबळ स्वरूप आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत हे काम त्या पदनामापेक्षा पुष्कळ जुने आहे. ते करणाऱ्यांना कोणी कार्यकर्ते म्हटले, कोणी गावचे शहाणे, तर कोणी सरकारला त्रास देणारे. त्यांचे मुख्य साधन होते शासनाने स्वतःच लिहून ठेवलेला आणि नंतर विसरलेला कागद, आणि म्हणून या भागातील हक्कांचा इतिहास मोर्चांइतकाच दप्तरांतही शोधावा लागतो.

1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा (चंद्रपूर) जिल्हा ब्रिटिश अंमलाखाली आला. त्या राजवटीला पहिले उत्तर शस्त्राने मिळाले आणि उठावाचे नेते बाबूराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याला फाशी देण्यात आली. त्यानंतर जमीनमहसुलाची रीतसर आकारणी, म्हणजे बंदोबस्त, सुरू झाला; मेजर लूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याचा बंदोबस्त अहवाल 1869 चा आहे. गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराला या व्यवस्थेने मालकी बहाल केली, तर पूर्वेकडील घनदाट मुलूख अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांकडे राहिला. महसूल ठरवताना गावाच्या वहिवाटी लिहून घेण्याची रीत पडली आणि त्या नोंदीला ‘वाजिब-उल-अर्ज’ असे नाव मिळाले: पाणी कोणी कसे घ्यायचे, वाट कोठून जाते, तळ्यात मासे कोणी धरायचे, अशा रूढींची ती गाववार नोंद होय. तिच्या जोडीने ‘निस्तार’ हा शब्द दप्तरात स्थिरावला. सरपण, घरासाठी बल्ल्या, कुंपणासाठी काटेकुटे, गुरांना चराई आणि नांगर-वखरासाठी लाकूड या गावाच्या रोजच्या गरजा जंगलातून भागवण्याची वहिवाट म्हणजे निस्तार. सरकारचा हेतू महसुलाचा होता, लोकांच्या कल्याणाचा नव्हे; तरीही जंगलाशी गावाचे नाते आहे ही कबुली सरकारच्या हस्ताक्षरात उरली, आणि पुढील शतकात तिचे मोल फार वाढले.

वनकायद्याने मात्र उलट दिशा धरली. 1878 आणि 1927 च्या कायद्यांनी ‘राखीव’ जंगलाची रीत घालून दिली, म्हणजे ज्यात स्पष्ट परवानगी नसेल ती प्रत्येक गोष्ट गुन्हा ठरते असे जंगल. 1927 च्या कायद्यानुसार राखीव घोषणेपूर्वी वनजमाबंदी अधिकाऱ्याने जाहीरनामा काढून किमान तीन महिन्यांची मुदत द्यायची आणि त्या अवधीत ज्याचा जो हक्क असेल तो त्याने लेखी कळवावा किंवा समक्ष हजर होऊन सांगावा, अशी तरतूद होती. कागदावर ही पद्धत न्याय्य दिसते. परंतु ज्या गोंड-माडिया वस्त्यांत लिहिता येणारा माणूस नव्हता आणि कचेरी कित्येक दिवसांच्या वाटेवर होती, तेथे न सांगितलेला हक्क संपलेला हक्क ठरला. कायद्याने मौनालाच संमती मानले, हा या साऱ्या प्रकरणातील मूळ अन्याय होय.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी व जमीनदारी संपली, त्यांच्या ताब्यातील जंगले शासनाकडे आली आणि निस्ताराच्या नोंदी नव्याने करण्याची जबाबदारीही शासनावर आली. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला तेव्हा हा वारसाही सोबत आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 161 निस्तार पत्रकाविषयी, तर कलम 165 वाजिब-उल-अर्जाविषयी आहे. निस्तार पत्रकाचा मसुदा गावात प्रसिद्ध करावा आणि रहिवाशांची इच्छा जाणून मगच तो कायम करावा, असे संहिता सांगते. त्याआधी 1958 मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 107 क्रमांकाचा करार स्वीकारला होता, ज्याचा 11 वा अनुच्छेद आदिवासी समाज परंपरेने राहत आलेल्या जमिनींवरील त्यांची सामूहिक वा वैयक्तिक मालकी मान्य करतो. गावाचा कागद आणि जगाचा करार, दोन्ही एकच गोष्ट सांगत होते. प्रत्यक्षात बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात राहिला आणि त्याच बांबूसाठी गावकऱ्याला बीटच्या गार्डापुढे उभे राहावे लागले.

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम येथील नियोजित धरणांविरुद्ध 1984 मध्ये ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. त्यात आदिवासी नेते लालश्याम शाह आणि बाबा आमटे यांचा सहभाग होता, आणि ती धरणे पुढे झाली नाहीत. त्याच काळात मोहन हिराबाई हिरालाल यांनी चंद्रपुरात ‘वृक्षमित्र’ ही संस्था सुरू केली आणि धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाशी तिचे दीर्घ नाते जुळले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाने सर्वदूर पोहोचवली. देवाजी तोफा हे तिचे सर्वांत परिचित प्रवक्ते. परंतु अभ्यासकाने घोषणेपेक्षा कामाच्या पद्धतीकडे अधिक लक्ष द्यावे, असे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. मेंढ्यात ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही; सर्वसहमती लागते, एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. ग्रामसभेपासून वेगळा असा ‘अभ्यासगट’ असतो, ज्यात गावकरी एखादा कायदा, नकाशा किंवा सरकारी आदेश समजून घेतात आणि त्यात बाहेरचा जाणकारही बसू शकतो. निर्णयाचा अधिकार मात्र या गटाला नसतो, तो सर्वस्वी ग्रामसभेचा. बाहेरून आलेल्या हक्क-कार्यकर्त्याची जागा यापेक्षा नेमकी क्वचितच कोणी ठरवून दिली असेल.

2006 च्या वनहक्क कायद्याने, ज्याच्या उद्देशिकेत वननिवासींवर झालेल्या ‘ऐतिहासिक अन्याया’ची कबुली आहे, या पद्धतीला कायदेशीर रूप दिले. निस्तार हा शब्द त्यात हक्क म्हणून आला, आणि जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्कही आला. 2008 च्या नियमांनुसार दावे मागवण्याचा कालावधी पुन्हा तीन महिन्यांचाच आहे. फरक इतकाच की आता दावे ग्रामसभा मागवते, आणि गरज वाटल्यास मुदत वाढवण्याचा अधिकारही तिचाच. ग्रामसभेने निवडलेली वनहक्क समिती वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन शिवेवरून फिरते, शेजारच्या गावाला आणि वनखात्याला आधी कळवते, देवस्थाने, मसणवट, जुन्या विहिरी, मोहाच्या आणि तेंदूच्या जागा नोंदवते, आणि ज्येष्ठांचे कथन लिहून घेते. कारण नियमांनी त्या कथनाला पुरावा मानले आहे. पुराव्यांच्या त्याच यादीत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जही बसतात. दीडशे वर्षांपूर्वी साऱ्यासाठी लिहिलेली नोंद अशा रीतीने गावाच्या बाजूची साक्षीदार झाली.

2009 मध्ये मेंढा (लेखा) गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकता येईना. 1927 च्या कायद्याने बांबूची गणना झाडात केली होती आणि नव्या कायद्याने तो गौण वनोपज ठरवला होता. वनखाते जुन्या व्याख्येवर अडून बसल्याने वाहतूक परवाना मिळत नव्हता. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती देण्यात आले, आणि 2017 मध्ये जुन्या कायद्याच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. 2012 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला असाच हक्क मिळाला. त्या गावाने बांबूवर रोजगार उभा केला, आणि तेंदूपत्त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, वणवे लावले जातात, म्हणून त्या उत्पन्नावर स्वतःहून पाणी सोडले. हक्क मिळाला की लोक जंगल ओरबाडतील, हे भाकीत या निर्णयाने खोटे पाडले आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी 2003 मध्ये हक्काधारित विकासाची समान भूमिका ठरवली, ज्यात ज्याचा हक्क तो ‘हक्कधारक’ आणि तो पुरवण्याची जबाबदारी ज्याची तो ‘कर्तव्यधारक’, अशी मांडणी आहे. ती उपयुक्त आहे; पण मेंढ्यातील हक्कधारक हातात नकाशा घेऊन कर्तव्यधारकाला कायदा समजावून सांगत होता, हे चित्र त्या मांडणीत पुरते मावत नाही. दुसरीकडे या कामाच्या मर्यादाही कठोर आहेत. 1980 पासून नक्षलवादी आणि पोलीस यांच्यातील हिंसेने गडचिरोलीतील हक्कांची भाषा बोलणाऱ्या माणसावर दोन्हीकडून संशय ओढवला. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या पहाडावर, जेथे लोक ठाकूरदेवाला पूजतात, ग्रामसभांचा विरोध असतानाही लोहखनिजाचे उत्खनन सुरू झाले. वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, हे केंद्राचे 2009 चे परिपत्रक अशा ठिकाणी कागदावरच राहते, आणि शासनाने आपलाच शब्द न पाळणे हा मानवी हक्काचाच भंग आहे.

दोन्ही जिल्ह्यांच्या महसूल दप्तरांत पडून असलेल्या निस्तार पत्रकांच्या आणि वाजिब-उल-अर्जांच्या सुवाच्य प्रती काढून शासनाने त्या प्रत्येक ग्रामसभेला विनामूल्य द्याव्यात, आणि या भागात येणाऱ्या प्रत्येक हक्क अधिकाऱ्याने आपले काम त्या वाचून सुरू करावे.