बडोद्याचा उन्हाळा आणि टिळकांचे घर

मे महिन्यात गोव्याबाहेर पाऊल टाकायचे नाही असा माझा नेम आहे. मानकुराद संपत आलेला असतो, फणस पिकलेले असतात, आणि पाऊस कधी कोसळेल याचा भरवसा नसतो. पण यंदा थोरल्या बहिणीचा फोन आला आणि आठवड्याची रजा टाकून बडोदे गाठावे लागले.

ताईचे सासर बडोद्याचे. गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने तिकडे गेलेले आणि तिकडचेच झालेले हे कुटुंब. दांडिया बाजारात जुने घर. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. भाचीने स्वतःचे लग्न ठरवले होते. मुलगा गुजराती ख्रिस्ती, मेथॉडिस्ट पंथाचा, फतेगंजकडे राहणारा. "तू गोव्याचा. ख्रिस्ती लोकांत वाढलास. तुझे ती ऐकेल. तूच समजाव तिला," असे ताईचे म्हणणे. ख्रिस्ती शेजाऱ्यांत वाढलो म्हणून ख्रिस्ती जावई नको हे मी समजावून सांगायचे! पण बहीण रडत होती, म्हणून गेलो. सोबत मानकुरादची एक पेटी आणि आमसुले.

पहिल्याच संध्याकाळी भाचीने मला गच्चीवर गाठले. "मामा, मी धर्म बदलणार नाही, तोही बदलणार नाही. मग आई का रडते?" मी सरकारी कारकून. मला आधी कायदाच सुचला. 1954 चा विशेष विवाह कायदा अशाच लग्नांसाठी आहे, धर्म न बदलता लग्न करता येते, तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, सगळे सांगितले. शिवाय हेही सांगितले, की या कायद्याने अन्यधर्मीयाशी लग्न केले तर अविभक्त हिंदू कुटुंबापासून तिची फारकत झाली असे मानले जाते; वारसाहक्क मात्र जात नाही. ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे कागदावर फारकत, मिळकतीत वाटा." मला काही हसू आले नाही.

बडोद्याची दुपार म्हणजे शिक्षा. दारे-खिडक्या लावून सगळे पडून राहतात. ताईच्या सासऱ्यांच्या कपाटात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' सापडली. पूर्वी वाचली होती, ती लक्ष्मीबाईंच्या विनोदासाठी. या खेपेला वाचली ती नात्यांसाठी.

ना. वा. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच्या बीजाची गोष्ट प्रसिद्ध आहे : 1893 च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपीय गृहस्थ भेटला, त्याने बायबल दिले आणि ते वाचायला सांगितले. टिळकांपुरता तो एका शोधाचा शेवट होता. लक्ष्मीबाईंपुरता तो संसाराचा शेवट होता. त्यांचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे, वडील कमालीचे सोवळे. मांडीवर दत्तू. पुढची चार-साडेचार वर्षे नवराबायको वेगळी राहिली. लक्ष्मीबाई कधी पंढरपुरात, कधी नाशिकला, नातलगांच्या आधाराने. नंतर त्या नगरला टिळकांकडे गेल्या, पण सोवळे आणि वेगळी चूल बरोबर घेऊन. ते एकेक करून सुटले आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचा शेवट उन्हाळ्यातलाच. 1917 साली मिशनची चाकरी सोडून ते साताऱ्याला 'देवाचा दरबार' भरवायला गेले, आणि 9 मे 1919 रोजी मुंबईत वारले. साताऱ्याचे ते दिवस जेमतेम दोन वर्षांचे. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी थोडेच अध्याय लिहून मागे ठेवले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्या धर्मापायी संसार मोडला म्हणून त्या एकेकाळी आक्रोश करत होत्या, त्याच धर्माच्या ओव्या लिहून.

इथे गोव्याच्या माणसाला फादर स्टीफन्स आठवल्याशिवाय राहत नाही. हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला, साष्टीत राहिला, आणि त्याचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली राशोल येथे छापले गेले, रोमन लिपीत पण मराठी ओवीत. तो वारला 1619 साली, टिळकांच्या बरोबर तीनशे वर्षे आधी. दोघांनीही ख्रिस्ताची कथा सांगायला ओवीच निवडली. फरक इतकाच, की टिळकांना धर्म बदलायला कुणी भाग पाडले नव्हते. स्टीफन्सचे श्रोते ज्या गोव्यात राहत होते तिथे देवळे आधीच पाडली गेली होती, इन्क्विझिशन 1560 पासून चालू होते, आणि अनाथ हिंदू मुलांना पाद्र्यांच्या स्वाधीन करण्याचे फर्मान 1559 साली निघाले होते. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे नेली ती त्याच दशकात. घरे तेव्हा उभी चिरली गेली. आमच्या रडण्यामागे ती आठवण असते, हे भाचीला सांगितले पाहिजे असे मला वाटले. पण ती आठवण बडोद्याच्या मुलावर लादावी काय?

कारण त्याच्या घराची हकीकत निराळी. त्याच्या पणजोबांना छप्पनियाच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 मध्ये, मिशनच्या अनाथाश्रमाने वाढवले. संवत 1956 चा म्हणून तो छप्पनिया. गुजरातेत गावेच्या गावे त्यात ओस पडली. त्या वेळी बडोद्याच्या गादीवर सयाजीराव होते. त्यांच्या राज्यात 1901 साली विचारस्वातंत्र्याचा कायदा झाला : धर्म सोडला किंवा जातीबाहेर टाकले गेले, तरी माणसाचा मिळकतीवरचा हक्क बुडू नये. ब्रिटिश मुलखात असा कायदा 1850 पासून होता. त्याच गुजरातेत 2003 च्या कायद्याने धर्मांतरासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. शंभर वर्षांत कायदाही कूस बदलतो.

रविवारी भाचीबरोबर फतेगंजला चर्चमध्ये गेलो. पेटीवर गुजराती भजने चालली होती. डोळे मिटले असते तर गावच्या देवळात बसल्यासारखे वाटले असते. मुलाची आजी माझ्याशी गुजरातीत बोलली, मी हिंदीत. तिने विचारले, "गोव्यात देव कोणता?" मी तिला लईराई आणि मिलाग्रीसची गोष्ट सांगितली. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या सख्ख्या बहिणी. सातांपैकी एक मिराबाई ख्रिस्ती झाली, असे आमचे लोक मानतात. एकीचे फेस्त ईस्टरनंतर, दुसरीची जत्रा वैशाखात, दोन्ही उन्हाळ्यातच. फेस्ताला हिंदू माणसेही तेल घेऊन म्हापशाला जातात. म्हातारी म्हणाली, "बहीण आहे, जाणारच."

दुसऱ्या दिवशी मुलगा घरी आला. भावोजी आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. ताईने पाणी दिले, मी मानकुराद कापला. या आंब्याचे नाव पोर्तुगीज 'मालकोराद' वरून, म्हणजे वाईट रंगाचा. आणि आंब्याला कलमे बांधण्याची कला गोव्यात जेझुइटांनी रुजवली. हे सांगून मी उगाच हवा हलकी करू पाहत होतो. त्याने दोन फोडी खाल्ल्या आणि कोय चोखू की नको अशा संकोचात पडला.

तो गेल्यावर ताईला टिळकांच्या घराची गोष्ट सांगितली. शेवटी ते घर जुळले, लक्ष्मीबाईंनी केवढे पुस्तक लिहिले, वगैरे. ताई शांतपणे म्हणाली, "पण ती साडेचार वर्षे? ती तर गेलीच ना?" माझ्याकडे उत्तर नव्हते. एवढेच म्हणालो, की तेव्हा आगगाडीतून आलेली बातमी होती. इथे पोरगी समोर बसून विचारते आहे. दार तूच लावलेस तर वर्षे तुझीच जातील. ती काही बोलली नाही. ज्या कामासाठी बोलावले होते ते मी केले नाही, हे तिला कळले असावे.

निघायच्या दिवशी भावोजी स्टेशनवर सोडायला आले. वाटेत अवाक्षर नाही. गाडी फलाटाला लागली तेव्हा माझी पिशवी हातात देत त्यांनी विचारले, "नोटीस तीस दिवसांची म्हणालास ना?"

"होय."

"म्हणजे पाऊस लागेल," ते म्हणाले. "अंगणात मांडव नाही घालता येणार."