ज्याच्या हातात सीडी

उमापुरात कुणी लिनक्स निवडून घेतलं, असं माझ्या तरी ऐकिवात नाही. एसटीतून जी सीडी आली, ती मशीनला लागली. आता पोरं विचारतात, "सर, शिकायला कोणतं डिस्ट्रो टाकू? उबंटू, मिंट का फेडोरा?" विचारण्याआधीच मोबाईलवर तिन्हींची तुलना बघून आलेली असतात. मला त्या प्रश्नाचाच हेवा वाटतो. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गेवराई तालुक्यात तो पडायलाच बरीच वर्षं जावी लागली.

लिनस टोरवाल्ड्सनं हेलसिंकीत कर्नल लिहिलं ते १९९१ साली. नुसतं कर्नल घेऊन शिकणारा काय करणार? त्याच्याभोवती शेल, कंपायलर, इन्स्टॉलर असं सगळं जमवून बांधलेलं गाठोडं म्हणजे डिस्ट्रो. १९९३ मध्ये पॅट्रिक वोल्कर्डिंगचं स्लॅकवेअर आलं, त्याच वर्षी इयन मर्डॉकनं डेबियन जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी रेड हॅट निघालं. आपल्याकडे या तिन्हींतला फरक समजायच्या आत ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाची सीडी येऊन थडकली. १९९६ मध्ये मासिकाबरोबर स्लॅकवेअर वाटलं गेलं. पुढं रेड हॅटवर बेतलेलं ‘पीसीक्यू लिनक्स’ निघालं. या खटाटोपात पुढं होते अतुल चिटणीस; आडनाव आपल्याकडचं, मुक्काम बंगळुरूला. गेवराईच्या स्टॉलवर इंग्रजी संगणक मासिक मिळायची सोय नव्हती. तेव्हाच्या औरंगाबादेत शिकणारं कुणी ते विकत घ्यायचं आणि दिवाळीला गावी येताना सीडी आणायचं. मासिक मागंच राहायचं. त्यामुळं सीडी कशी लावायची हे ज्या पानांवर छापलेलं, ती पानं आम्ही कधी पाहिलीच नाहीत.

खेड्यात कॉम्प्युटर शिकणं म्हणजे एमएस-सीआयटी. तो कोर्स चालवणारं एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झालं आणि बघता बघता तालुक्यातालुक्यात केंद्रं उघडली. सरकारी नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र लागायचं, म्हणून बापानं कापसाच्या पट्टीतून फी भरायची. शिकायचं ते विंडोज आणि ऑफिस. कॉलेजात सी शिकवायचे ते टर्बो सी वर. त्या पोराला लिनक्सच्या जीसीसी कंपायलरपुढं बसवलं की पहिल्याच ओळीला अडायचा, कारण कोनिओ डॉट एच लिनक्समध्ये नसते आणि क्लिअरस्क्रीनही नाही. बऱ्याच जणांनी तिथंच लिनक्सला रामराम केला. मी त्यांना दोष देत नाही. परीक्षेत टर्बो सीच येणार होतं.

जे टिकले, त्यांचा खरा गुरू म्हणजे लोडशेडिंग. ही थट्टा नाही. जुन्या रेड हॅटमध्ये ईएक्सटी-टू फाइल सिस्टीम असायची. लाइट गेली की मशीन धाडकन बंद. परत आली की डिस्क नीट अनमाउंट झालेली नाही, असं सांगून तपासणी सुरू व्हायची, आणि बिघाड आपोआप निघाला नाही तर काळ्या पडद्यावर रूटचा पासवर्ड मागितला जायचा. मग हातानं एफएससीके ही तपासणीची कमांड चालवायची. आयनोड म्हणजे काय, हे आमच्याकडच्या पोरांना पुस्तकानं शिकवलं नाही. नाव हरवलेल्या फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’ डिरेक्टरीत नुसत्या आयनोडच्या आकड्यानं पडलेल्या दिसल्या, तेव्हा ते डोक्यात शिरलं. २००१ च्या अखेरीला रेड हॅट ७.२ आलं आणि त्यात ईएक्सटी-थ्री. ही फाइल सिस्टीम आधी जर्नलमध्ये नोंद करते, मग बदल कायम करते, त्यामुळं लाइट गेल्यावर लांबलचक तपासणी टळली. आमच्यासाठी ७.२ आणि त्याच्या आधीचं यांत एवढाच फरक होता. बाकी नव्या गोष्टी शहरातल्यांनी वाचाव्यात. एक मात्र सांगायला हवं: त्याच आवृत्तीपासून लिलो या बूटलोडरच्या जागी ग्रब आलं, म्हणजे नुसतं ‘एल आय’ एवढी दोन अक्षरं दाखवून मशीन अडून बसायची खोडही गेली.

पुढं काही पोरं आरएचसीई ही रेड हॅटची परीक्षा द्यायला पुण्याला गेली. त्या परीक्षेत चालू मशीनपुढं बसवून काम करून घेतात. पूर्वी त्यात मुद्दाम बिघडवलेली मशीनही दुरुस्त करावी लागे. गेवराईकडच्या पोराला त्याचं काय नवल?

क्लाउस क्नॉपरच्या क्नॉपिक्सनं आणखी एक गाठ सोडवली. सीडीवरूनच चालायचं, हार्ड डिस्कला हात नाही. लाइट गेली तर जाऊ दे. क्लासवाल्याचं विंडोजही शाबूत, म्हणून तो मशीनला हात लावू द्यायचा. २००४ पासून उबंटूच्या सीड्या परदेशातून पोस्टानं फुकट मागवता यायच्या. ही योजना २०११ मध्ये बंद झाली. पोस्टमन ते पाकीट घेऊन आला की आळीत चर्चा, परदेशातून काय आलं म्हणून. आमच्याकडं उबंटू सगळीकडं पसरलं ते या पाकिटामुळं. गुणांची तुलना कुणीच केली नव्हती.

मराठीचं प्रकरण वेगळं. सुरुवातीला लिनक्सवर देवनागरी नीट जुळायचीच नाही. ‘शिक्षक’ लिहिलं की वेलांटी ‘श’च्या पुढं जाऊन बसायची. २००४ मध्ये रेड हॅटनं लोहित फॉन्ट जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले केले. ते मुळात घडवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं, म्हणजे ज्यांच्या श्रीलिपीवर निम्म्या बीड जिल्ह्याच्या लग्नपत्रिका छापल्या असतील त्यांनी. मेनू मराठीत आले, छान झालं. पण माझ्या मते मेनूपेक्षा समजावणं मराठीत असणं जास्त उपयोगाचं. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकारानं झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’नं ते केलं. उबंटूवरचे छोटे व्हिडिओ, आवाज मराठी, आणि इंटरनेटशिवाय चालणारे. पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला टर्मिनल. ऐकायचं, थांबवायचं, स्वतः टाइप करायचं. ज्याच्याजवळ विचारायला माणूस नाही, त्याला एवढा आधार पुरतो.

म्हणून आता विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, "अडलास तर फोन कुणाला करशील?" तो माणूस मिंट वापरत असेल तर मिंट. कुणीच नसेल तर डेबियन, कारण उबंटू त्याच्यावरच बेतलेलं आहे आणि मिंट उबंटूवर. इथं शिकलेलं तिकडं वाया जात नाही.

एक अडचण मात्र नवी आहे. गावात अजून काही ३२-बिटची जुनी मशीन कपाटावर आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही. डेबियन १२ ची आयएसओ मी पेनड्राइव्हवर राखून ठेवली आहे. ज्याला लागेल त्यानं क्लासवर येऊन न्यावी, फक्त पेनड्राइव्ह परत आणून द्यावा.